पस्तीस यार्डांच्या आत

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

दुकानातून पाठवलेला फोटो पाहिला. काडतुसांची पाच खोकी ओळीने मांडलेली, आणि खाली प्रश्न, "काका, यातलं कुठलं घेऊ?" एका ओळीचं उत्तर आहे: बारा बोअर (हे नळीचं माप), तीन इंची (काडतुसाची लांबी), आत दोन नंबरचे स्टीलचे छर्रे. पण ऑफिसच्या लोकांबरोबर पहिल्यांदाच बदकांना निघाली आहेस, म्हणून थोडं लांबण लावतो.

आईला अजून सांगितलेलं नाहीस, हे आवाजावरूनच कळलं. ते तू बघ. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर वाढलेल्या माणसाला शिकार म्हणजे गुन्हा, नाहीतर संस्थानिकांचे चाळे. इथे अमेरिकेत ती परवान्याने, हंगामात, मोजून होते. मला स्वतःला ती शंभर टक्के पटली आहे असंही नाही, तरी बरेच हंगाम जातो आहे. गेलीस तर धड जा, एवढंच माझं म्हणणं.

आधी नंबराचं कोडं. सतरातून छर्ऱ्याचा नंबर वजा कर, म्हणजे इंचाच्या शंभराव्या भागात त्याचा व्यास मिळतो. दोन नंबर म्हणजे ०.१५ इंच, साधारण ३.८ मिलिमीटर. चार नंबर ०.१३ इंच. नंबर जितका मोठा तितका दाणा बारीक. उलटं वाटतं, पण सवय होते.

छर्रे शिशाचे असायचे त्या जमान्यात मॅलार्डला, म्हणजे हिरव्या डोक्याच्या रानबदकाला, चार नंबर पुरायचा. स्टील शिशापेक्षा हलकं. त्याच आकाराचा दाणा घेतला तर वजन सत्तर टक्केच भरतं. म्हणून चाराऐवजी दोन नंबर, म्हणजे जाड दाणा घ्यायचा. चार नंबर शिशाचे औंसात साधारण १३५ दाणे बसतात, दोन नंबर स्टीलचे १२५. म्हणजे एकेका दाण्याचं वजन जवळजवळ सारखंच झालं. पण आकार मोठा, त्यामुळे हवा त्याला जास्त अडवते आणि वेग लवकर मरतो. कंपन्या सुरुवातीचा वेग वाढवून हे भरून काढायला बघतात. जवळ ते जमतं, लांबवर नाही.

शिसं गेलं का, हे विचारशीलच. बदकाला दात नाहीत. कलेजी-पेट्यातला जो पेटा असतो ना, त्यात ते खडे साठवतं आणि दाणा दळतं. दलदलीच्या तळाशी वर्षानुवर्षांचे छर्रे पडलेले, तेही खडे समजून गिळतं. पेट्यात शिसं झिजतं, रक्तात उतरतं, पंख लुळे पडतात, पक्षी उपाशी मरतो. त्याला खाणारा गरुडही जातो. जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी १८९४ मध्येच हे छापलं होतं. बंदी मात्र १९८७ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि १९९१ पासून पाणपक्ष्यांसाठी सगळ्या अमेरिकेत लागू झाली. जवळजवळ शंभर वर्षं! त्या काळात आमच्या कंपूत काय कुरकुर चालायची: स्टीलने नळी खराब होते, पक्षी नुसता जखमी होतो, सरकारला कळत नाही. मीही त्यात होतो. पुढे मिसिसिपी खोऱ्यातल्या बदकांचा अभ्यास झाला, आणि १९९७ च्या एका हंगामात सुमारे १४ लाख बदकं शिशाच्या विषबाधेतून वाचल्याचा अंदाज निघाला. त्यानंतर माझी कुरकुर थांबली. काहींची अजून चालू आहे.

तुझ्या फोटोतल्या डावीकडच्या खोक्यावर घोडेस्वार आहे. ते विंचेस्टर. मूळ मालक ऑलिव्हर विंचेस्टर, कारखाना न्यू हेवनला, आणि बंदुकांच्या आधी त्यांचा धंदा शर्टांचा. पण आजच्या काडतुसाचं घराणं वेगळं, ते ऑलिन कुटुंब. फ्रँकलिन ऑलिन इंजिनियर. शिकत असताना १८८४-८५ मध्ये व्यावसायिक बेसबॉलही खेळले. १८९२ मध्ये त्यांनी ईस्ट आल्टनला, म्हणजे सेंट लुईसच्या नदीपलीकडे, कोळशाच्या खाणींना लागणाऱ्या सुरुंगाच्या दारूचा कारखाना काढला. १८९८ मध्ये वेस्टर्न कार्ट्रिज कंपनी. मुलगा जॉन कॉर्नेलला रसायनशास्त्र शिकून आला आणि १९२२ मध्ये त्याने 'सुपर-एक्स' काडतूस आणलं. त्यातली दारू हळूहळू वाढत्या जोराने जळायची, त्यामुळे छर्ऱ्यांची लांबलचक रांग न होता ते गठ्ठ्याने पोचत आणि पल्ला वाढे. लोकांच्या त्यावर उड्या पडल्या. डबघाईला आलेली विंचेस्टर १९३१ च्या डिसेंबरात याच बापलेकांनी विकत घेतली.

म्हणजे या घराने विकला तो पल्ला. पण जॉन ऑलिन स्वतः शिकारी. लांबून उडवलेला पक्षी गवतात पडला की हरवतो, हे त्याला पक्कं ठाऊक. म्हणून त्याने कुत्री पाळली. आडनाव उलटं करून श्वानगृहाचं नाव ठेवलं 'नायलो'. तिथल्या किंग बक नावाच्या काळ्या लॅब्रॅडॉरने १९५२ आणि १९५३ अशी लागोपाठ दोन वर्षं राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. शिकाऱ्यांना दरवर्षी जे सरकारी डक स्टँप घ्यावं लागतं ना, त्याच्या १९५९ च्या तिकिटावर हाच कुत्रा आहे, तोंडात मॅलार्ड धरलेला. मला ते तिकीट त्यांच्या कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त खरं वाटतं.

आता माझी गोष्ट. स्टीलचा पहिलाच हंगाम होता. एक कॅनडा गूज, म्हणजे रानहंस, पन्नास-पंचावन्न यार्डांवरून गेला. शिशाच्या सवयीने मी चाप ओढला. छर्रे लागल्याचा आवाज आला, बरं का, पातेल्यावर मूठभर ज्वारी टाकल्यासारखा. पक्षी दचकला, एक पाय खाली लोंबला, आणि पंख ताणून तरंगत तो पाणकणसांच्या पलीकडे उतरला. शेजाऱ्याचं कुत्रं तासभर फिरलं. सापडला नाही. दोष काडतुसाचा नव्हता. घरी आल्यावर बायकोने विचारलं, काय मिळालं? मी म्हणालो, काही नाही. ते खरंही होतं आणि नव्हतंही.

तेव्हापासून पस्तीस यार्डांच्या आतच. नराच्या डोक्याचा हिरवा रंग आणि नारिंगी पाय स्पष्ट दिसू देत, मग बंदूक उचल. शेजारचा ठोकतोय म्हणून तू ठोकू नकोस.

कुणी आजोबांची जुनी दुनळी देऊ करेल. नको म्हण. स्टील शिशासारखं दबत नाही. चोक म्हणजे नळीचं तोंड किती अरुंद आहे ते. आवळ चोकच्या, पातळ नळीच्या जुन्या बंदुकीत स्टील घालायचं नसतं. नळीवर स्टीलला चालेल असा शिक्का हवा, आणि चोक सैल, म्हणजे इंप्रूव्हड सिलिंडर किंवा मॉडिफाइड. फुल, म्हणजे अगदी आवळ, नको. भिजलेली काडतुसं खोक्यात परत ठेवू नकोस. छर्रे गंजून एकमेकांना धरतात. आणि रस्सा करशील तेव्हा मांस बोटांनी चाचपून घे. शिशावर दात पडला तर ते दबायचं. स्टीलवर दातच जातो.

शनिवारी ये. जुन्या चादरी आण, त्यांवर तीस इंची वर्तुळं काढू, पस्तीस यार्डांवर टांगू आणि आत किती दाणे पडले ते तू मोज. तीच काडतुसं, तीच बंदूक, तीन-चार बार. एक काडतूस मी कापूनही दाखवतो, तू एकटी कापू नकोस. पितळी बूड, दारू, प्लॅस्टिकची जाड वाटी, आणि वाटीत काळपट दाणे. फ्रिजवरचं ते गणपतीचं चुंबक बरोबर घेऊन ये, दाणे सांडले की त्यानेच गोळा करू. कानाला लावायचं माझ्याकडे आहे.

तुझा,
काका