केमो-रेडिएशन होऊनही तोंडाचा कॅन्सर परत का येतो?

निपाणीच्या तुमच्या मामांची गाठ विरघळली होती, मग आठ महिन्यांत परत कशी आली, असं तुम्ही विचारलंय. मामांचं काही चुकलं नाही, हे त्यांना आधी सांगा.

गाठीतल्या सगळ्या पेशी सारख्या नसतात. त्यात थोड्या मूळ पेशी (स्टेम सेल, ज्यांतून गाठ पुन्हा वाढू शकते) असतात, सावकाश विभागणाऱ्या. सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाचा मारा मुख्यतः भराभर वाढणाऱ्या पेशींवर, म्हणून या वाचतात. काही तर आत आलेलं औषध पंपासारखं बाहेर फेकतात, तुटलेला डीएनए पटकन सांधतात. शेतातली हरळी आठवा: वरून कितीही खुरपा, मुळाचा तुकडा राहिला की पहिल्या पावसात हिरवी. २००७ साली डोकं-मानेच्या कॅन्सरमधल्या सीडी४४ ही खूण असलेल्या मोजक्या पेशींनी उंदरांत नवी गाठ उभी केल्याचं दिसलं. फक्त याच पेशी टिपणारं औषध अजून रोजच्या उपचारात नाही.

कारण एवढं एकच नसतं. वर्षानुवर्षं तंबाखू-चुना ठेवलेल्या गालाचं सगळं अस्तरच बिघडलेलं असतं, तिथे नवी गाठही उगवते. माझ्या आत्याला तशीच आली, तांदळाएवढ्या पांढऱ्या चट्ट्यातून. मामांची चंची आजच काढून घ्या. बायोप्सी पुन्हा करायची का आणि ऑपरेशन शक्य आहे का, हे बेळगावला कॅन्सर सर्जनना याच आठवड्यात विचारा.