जुना डेल लॅपटॉप कंपनीतून आला तसा कसा करायचा?

तुम्ही दुकानातून सेकंडहँड डेल लॅटिट्यूड घेतलाय, चालू केला की आधीच्या मालकाचं नाव येतं, विंडोजची की (परवान्याचा कोड) मिळालेली नाही. तरीही तो पहिल्यासारखा होईल. आणि कीसाठी पैसे घालवू नका. विंडोज 8 च्या काळापासून कंपन्या की मदरबोर्डवरच्या चिपमध्येच भरून देतात. मूळची आवृत्ती (होम किंवा प्रो) टाकली की इंटरनेट लागताच ती आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होते.

सेटिंग्जमधलं ‘रीसेट धिस पीसी’ मी अशा लॅपटॉपवर शक्यतो वापरत नाही. त्यातला ‘लोकल रीइन्स्टॉल’ आत आहे त्याच विंडोजमधून नवं उभं करतो, आणि विकणाऱ्याने आत काय टाकलंय हे आपल्याला कुठे ठाऊक असतं? क्रॅक मारलेलं विंडोज माझ्याकडे कितीदा तरी येतं. शिवाय बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर 48 आकडी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते, आणि ती असते आधीच्या मालकाकडे. पेनड्राइव्हवरून डिस्क पूर्ण पुसली तर तिची गरजच पडत नाही.

लॅपटॉप उलटा करा. खालच्या बाजूला सात अक्षरं-आकड्यांचा सर्व्हिस टॅग दिसेल. दुसऱ्या विंडोज कॉम्प्युटरवर डेलचं ‘ओएस रिकव्हरी टूल’ डाउनलोड करून त्यात हा टॅग टाका आणि 16 जीबीचा पेनड्राइव्ह लावा. त्यातलं सगळं पुसलं जाईल. मग चार्जर जोडून लॅपटॉप चालू करा, एफ12 दाबत राहा आणि यूएसबी निवडा. विंडोज 10 चा मोफत सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, त्यामुळे प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा पुढचा असेल तर विंडोज 11 च घ्या.

पण या सगळ्याआधी लॅपटॉप चालू करताना एफ2 दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये जा. तिथे पासवर्ड मागितला तर लॅपटॉप थेट दुकानात न्या, तो काढून देणं विकणाऱ्याचं काम आहे.

लॅटिट्यूड बहुतेक ऑफिसांतून बाहेर पडलेले असतात. म्हणून इन्स्टॉल झाल्यावर वायफाय नक्की जोडा. स्क्रीनवर एखाद्या कंपनीचं नाव येऊन तिथलाच ईमेल मागितला, तर तो लॅपटॉप अजून त्या कंपनीच्या नावावर नोंदलेला आहे. पुन्हा विंडोज टाकून ही नोंद जात नाही, ती त्या कंपनीलाच काढावी लागते. इंटरनेट न जोडता पुढे जाण्याच्या युक्त्या कोणी सांगेल, त्या करू नका. परतीची मुदत आहे तोवर पैसे परत घ्या.