वडील वारल्यावर सहा वर्षांनी मुलगा जन्मला? पणजोबांचे खरे आईवडील कोण?

प्रश्न : ताई, नमस्कार. आमचं मूळ गाव वाई तालुक्यात, आता आम्ही ठाण्याला असतो. पणजोबांच्या वडिलांचं नाव काय होतं यावर घरात दोन तट पडलेत. शाळेच्या जनरल रजिस्टरात पणजोबांचं नाव गणेश महादेव, जन्म १९०३, पहिलीत दाखल १९१०. छापील कुलवृत्तांतातही, म्हणजे घराण्याच्या वंशावळीच्या पुस्तकातही, ते महादेवांखालीच आहेत. पण त्र्यंबकेश्वरचे उपाध्ये येणाऱ्या यजमानांच्या घराण्याची जी वही ठेवतात त्यात शके १८२८ चा लेख आहे, त्यात महादेवांचे थोरले भाऊ सदाशिव यांनी स्वतः लिहिलंय की पुत्र तीन, आणि त्यातला धाकटा गणेश! कुलवृत्तांतात मात्र सदाशिवांना दोनच मुलगे. पणजोबांच्या हातची श्राद्धाची एक वही सापडली, त्यात पिता महादेव, मृत्यू शके १८१८ माघ वद्य, आणि सदाशिव हे पितृव्य म्हणजे काका म्हणून. चुलत आत्या सांगते की पणजोबांचे आईवडील प्लेगात गेले म्हणून काकांनी वाढवलं. माझा भाऊ म्हणतो उपाध्यांनी घोळ घातलाय, मला तसं वाटत नाही. आणि पणजोबांची आई कोण, ती कुठली, हे तर कुणालाच माहीत नाही. काय समजायचं?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : तुमच्याकडे इतके कागद आहेत की मला फार आनंद झाला, बहुतेक पत्रांत एक ऐकीव नाव आणि एक गाव एवढंच असतं. आणि तुमचा अंदाज बरोबर आहे, उपाध्यांवर खापर फोडायची काही गरज नाही. माझ्या मते यातला एकही कागद खोटं बोलत नाहीये.

आधी वर्षाचं बघू. शके सनात ७८ मिळवले की इसवी सन येतं, पण जानेवारी ते पाडव्यापर्यंतच्या दिवसांना ७९ मिळवायचे, आणि माघ त्याच काळात येतो. म्हणजे शके १८१८ माघ वद्य हा १८९७ चा फेब्रुवारी, फार तर मार्चचे पहिले दिवस. पुण्यात प्लेगने थैमान घातलं होतं ते नेमके हेच दिवस, त्यामुळे आत्याच्या गोष्टीतला प्लेग खरा आहे, तो महादेवांचा. मृत्यू पुण्यात झाला असेल तर नगरपालिकेच्या जुन्या मृत्यू नोंदीत बघा, पण नाही मिळाला तर निराश होऊ नका कारण घरझडतीच्या आणि इस्पितळात नेण्याच्या धास्तीने लोक प्लेगचे मृत्यू लपवत होते.

आता महादेव १८९७ ला गेले आणि मुलगा १९०३ चा. शाळेतली जन्मतारीख तशी फार भरवशाची नसते, मास्तर अंदाजाने लिहायचे, १ जून तर किती जणांची आहे! पण चूक वर्ष-दोन वर्षांची असते. महादेवांचा पोटचा मुलगा असायचा तर तो १८९७ च्या शेवटाच्या आत जन्मायला हवा, म्हणजे १९१० ला बारा-तेरा वर्षांचा घोडा पहिलीत बसला असं म्हणावं लागेल, ते काही पटत नाही.

मग वडील मेल्यावर सहा वर्षांनी जन्मलेला मुलगा त्यांच्या नावावर कसा? विधवेने घेतलेला दत्तक. आपल्याकडे हे अगदी सर्रास व्हायचं आणि आजच्या पिढीला ते माहीतच नसतं. जुन्या मुंबई इलाख्यात विधवेला नवऱ्याने आधी परवानगी दिलेली असण्याची गरज नव्हती, नवऱ्याची स्पष्ट मनाई नसेल तर ती त्याच्यासाठी मुलगा दत्तक घेऊ शकायची, आणि तो मुलगा कायद्याने आणि धर्माने मेलेल्या नवऱ्याचाच मुलगा. बंगालात असं चालत नव्हतं, तिथे नवऱ्याची परवानगी लागायचीच. १९५६ च्या कायद्याने पुढे बरंच बदललं, पण तुमची गोष्ट त्याच्या खूप आधीची. आणि मूल बघायचं ते शक्यतो भाऊबंदांत, नवऱ्याच्या सख्ख्या भावाचा धाकटा मुलगा म्हणजे पहिली पसंती. एकुलता एक मुलगा सहसा देत नसत, सदाशिवांना तर तीन होते.

आता हे मनात ठेवून कागद परत लावून बघा. शके १८२८ म्हणजे १९०६-०७, तेव्हा सदाशिवांनी स्वतःच्या हाताने तीन मुलगे लिहिले, गणेश तेव्हा तीनेक वर्षांचा आणि अजून त्यांच्याच घरातला. १९१० ला शाळेत घालताना बापाचं नाव महादेव. म्हणजे मधल्या तीन-चार वर्षांत दत्तकविधान झालं असणार. कुलवृत्तांत छापतात तो घराघरातून पत्रं मागवून, तुमच्या घरातून ज्याने माहिती पाठवली त्याने कायद्याने जे खरं ते लिहिलं आणि दत्तक हा शब्द गाळला, सदाशिवांच्या घरानेही दिलेला मुलगा मोजला नाही. कुठलाही जुना कागद हातात आला की हे बघायचं असतं, सांगणारा कोण, कधी सांगतोय आणि कशासाठी. आत्याची गोष्टही तशीच, तीन पिढ्यांत दत्तक वडिलांचा मृत्यू आणि खऱ्या वडिलांनी वाढवणं हे एकत्र झालं आणि वाढवणारा काका ठरला.

पण हे अजून सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही. श्राद्धाच्या वहीत सदाशिव पितृव्य म्हणून आहेत, त्यावरून काही ठरत नाही, महालयात, म्हणजे पितृपंधरवड्यातल्या श्राद्धात, कुठलाही पुतण्या काकाचं नाव घेतोच. मात्र त्या वहीत सदाशिवांच्या मृत्यूची तिथीही लिहिलीय का ते नीट बघा. ज्या काकाला स्वतःचे दोन मुलगे आहेत त्याची तिथी पुतण्या कशाला लिहून ठेवेल? लिहिली असेल तर मला तरी तो माणूस आपल्या जन्मदात्याला विसरला नव्हता असंच वाटेल.

पक्का पुरावा गावाकडे मिळायची आशा जास्त. महादेवांच्या वाटणीची जमीन असेल तर तिचे जुने फेरफार, म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याच्या नोंदी, काढा. हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, त्यानंतर ही नोंदवही सुरू झाली, म्हणजे तुमचा काळ बरोबर त्यात बसतो. विधवेचं नाव कमी होऊन दत्तक मुलाचं लागलं असं काही दिसेल किंवा मुलाच्या नावापुढे अ.पा.क. अशी अक्षरं दिसतील, म्हणजे अज्ञान पालनकर्ता (अज्ञान म्हणजे वयात न आलेला), आणि पुढे पालक म्हणून आईचं नाव. ही तीन अक्षरं बघून लोक पुढे जातात आणि तिथेच तर दत्तक आईचं नाव असतं. नोंद मोडीत असली तर घाबरू नका, २०२३ पासून कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं तेव्हापासून मोडी वाचणारी माणसं जिल्ह्याच्या ठिकाणी बरीच सापडतात. दत्तकपत्र सब-रजिस्ट्रारकडे नोंदवलेलं असण्याचीही शक्यता आहे, १९०६ ते १९१० ची सूची मागून बघा.

तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुक असतं, त्यात जन्म-मृत्यू. तिथे गणेश हे नाव शोधत बसू नका, बाळाचं बारसं व्हायच्या आत नोंद व्हायची त्यामुळे नुसतं बापाचं नाव आणि मुलगा एवढंच सापडतं. १९०२ ते १९०४ मध्ये सदाशिवांना मुलगा झाल्याची नोंद आहे का ते बघायचं. एक शंका इथे मिटवून टाका, आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत असल्याने दोन्ही भावांच्या घरी एकेक गणेश असणं सहज शक्य असतं. म्हणून सदाशिवांचा धाकटा गणेश पुढे वेगळा वाढला, त्याचं लग्न झालं, मुलं झाली असं कुठे येत नाही ना, याची खात्री करून घ्या, तसं निघालं तर माझं वरचं सगळं गणित पहिल्यापासून मांडावं लागेल.

आता आईचं. हे सगळ्यात अवघड, कारण बाईचं माहेरचं नाव लग्नात बदललं की कागदावर तिचा माग संपतो. श्राद्धात मात्र आईचे वडील, आजोबा, पणजोबा यांची नावं गोत्रासकट घ्यावी लागतात, मातामह म्हणतात ते, आणि तिथून माहेर सापडतं. तुमच्या पणजोबांच्या वहीत मातामहांची नावं असतीलच, पण सांभाळून, दत्तक गेलेला मुलगा दत्तक आईचे वडील धरतो. म्हणजे त्या वहीतून महादेवांच्या विधवेचं माहेर कळेल. या बाईची आठवणही घरात राहिली नाही याचं मला खरंच वाईट वाटलं, विधवा झाल्यावर तिने एक मूल दत्तक घेतलं आणि तिच्यामुळेच तुमचं घर महादेवांच्या नावाने चाललं.

जन्म दिलेल्या आईसाठी तुम्हाला पणजोबांच्या दोन सख्ख्या भावांच्या मागे जावं लागेल. ते सदाशिवांच्याच घरात राहिले, त्यांनी पुढे कधी त्र्यंबकेश्वरला किंवा आणखी कुठल्या क्षेत्री श्राद्ध केलं असेल तर त्यांचे मातामह हेच तुमच्या पणजोबांचे जन्माचे आजोबा. म्हणून उपाध्यांकडे परत जाल तेव्हा नुसतं गणेश नका विचारू, आडनाव आणि मूळ गाव सांगून त्या दोन भावांच्या शाखेचे १९०६ नंतरचे लेख काढायला सांगा. १९१० नंतर सदाशिव स्वतः परत आले असतील तर त्या लेखात मुलगे तीन लिहिलेत की दोन तेही बघा, दोन असतील तर दत्तकाची बाजू एकदम भक्कम होते. आणि पितृपंधरवड्यात जाऊ नका, तेव्हा उपाध्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो, जुनी वही शांतपणे वाचून दाखवायला तर नाहीच.

भावाला सांगा, वंशावळीत दोन्ही बाप लिहायचे. सदाशिवांखाली गणेश, दत्तक दिला. महादेवांखाली गणेश, दत्तक घेतला. फेरफार मिळाला की त्याची प्रत मला पाठवा, मोडीत असला तर आपण मिळून वाचू.