सईला पत्र: पसायदान आणि शेजारी बसून केलेली प्रार्थना

चि. सई,

अनेक आशीर्वाद.

तुझा प्रश्न मिळाला. २१ सप्टेंबरला, आंतरराष्ट्रीय शांतता दिनाच्या संध्याकाळी, तुमच्या ब्रिटनमधल्या विद्यापीठातली वेगवेगळ्या धर्मांची मुलं जगात शांतता नांदावी म्हणून एकत्र प्रार्थनेला बसणार आहात. मराठी म्हणून तुला पसायदान म्हणायला सांगितलंय. तुझी शंका अशी की पसायदान ज्ञानेश्वरीतलं, म्हणजे हिंदूंचं, मग ते ‘सर्वांची प्रार्थना’ म्हणून कसं म्हणायचं? त्यात आखणीही तुझ्याकडेच आली आहे, तेव्हा आपल्याकडे सर्वधर्म प्रार्थना कशी करतात तेही तुला हवंय.

आधी शंकेचं बघू. ‘सर्वांची प्रार्थना’ असं पसायदानाला म्हणूच नकोस. आपली प्रार्थना म्हणून म्हण. मागणं सगळ्या जगासाठी आहे, पण मागणारे ज्ञानदेव आहेत आणि ते आपल्या गुरूपुढे उभे राहून मागताहेत. शेजारी बसलेल्या मुसलमान किंवा ज्यू मुलाने ते स्वतःच्या तोंडून म्हणायची गरज नाही. त्याने ऐकावं, आणि आपल्यासाठीही कुणीतरी काही मागितलंय हे त्याला कळावं, एवढं पुरे.

शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. प्रवरेकाठी नेवाशाला गीतेवरची टीका पूर्ण झाली आणि अठराव्या अध्यायाच्या शेवटी या नऊ ओव्या आल्या. ‘पसाय’ म्हणजे प्रसाद. आपल्याकडे पारायण, शाळा, सभा, काहीही असो, शेवट पसायदानाने होतो. उभं राहून, हात जोडून, आणि संपल्यावर टाळ्या नाहीत. तुमच्या कार्यक्रमातही टाळ्या कुणासाठीच नकोत, हे सुरुवातीलाच सांगून टाक. एकाला जोरात आणि दुसऱ्याला जेमतेम वाजल्या की त्या खोलीत लगेच स्पर्धा उभी राहते.

पहिल्या ओवीत देवाचं नाव ‘विश्वात्मक’ एवढंच आहे. पण मला तुला दुसरी ओवी नीट दाखवायची आहे:

जे खळांची व्यंकटी सांडो । तया सत्कर्मीं रती वाढो ।
भूतां परस्परें जडो । मैत्र जीवाचें ॥

व्यंकटी म्हणजे वाकडेपणा. दुष्टांचा नाश होवो असं मागणं सोपं होतं, आणि शांततेच्या पुष्कळशा प्रार्थनांत ते कुठेतरी डोकावतंच. इथे दुष्ट राहतो, त्याचा वाकडेपणा गळतो, मग त्याला चांगल्या कामाची गोडी लागते, आणि त्यानंतर मैत्री जडते. क्रमही तसाच आहे. वाकडेपणा गेल्याशिवाय मैत्री मागितलेली नाही. युद्ध चालू असताना शांततेसाठी बसलेल्या लोकांना यापेक्षा अचूक शब्द मला तरी माहीत नाहीत.

ओवीचे पहिले तीन चरण यमकाचे (सांडो, वाढो, जडो) आणि चौथा आखूड, न जुळणारा. नवखा माणूस ‘जडो’वर यमक संपलं म्हणून श्वास घेतो आणि ‘मैत्र जीवाचें’ लोंबकळत राहतं. ‘भूतां परस्परें जडो मैत्र जीवाचें’ एका श्वासात घे. दुसरी चूक तिसऱ्या ओवीच्या अर्थात होते. ‘विश्व स्वधर्मसूर्यें पाहो’ मधला स्वधर्म म्हणजे ‘आमचा धर्म’ असं कुणी भाषांतर केलं तर सगळं उलटंच होतं. स्वधर्म म्हणजे ज्याचं त्याचं कर्तव्य, ज्याचा त्याचा मार्ग. तिसरी चूक पाचव्या ओवीत. ‘चला कल्पतरूंचे आरव’ मधला ‘चला’ म्हणजे ‘चला जाऊ या’ नव्हे. चल म्हणजे चालणारे. संत कसे, तर कल्पतरूंची चालती बागच, सजीव चिंतामणींचं गाव, बोलणारे अमृताचे समुद्र. इंग्रजी अर्थ लिहिताना इथे हमखास घोटाळा होतो.

संथ म्हटलं तर अडीच-तीन मिनिटं लागतात. नऊच्या नऊ ओव्या म्हण. आठव्या ओवीत ग्रंथावर जगणाऱ्यांसाठी मागणं आहे, ते इतरांना कशाला, म्हणून ती गाळतात. आणि शेवटची, ज्यात ‘हा होईल दानपसावो’ असं उत्तर मिळतं, ती वेळेअभावी सोडतात. मग मागणं अर्धवट राहतं. दुसऱ्यांना अवघड जाईल म्हणून आपल्या प्रार्थनेची कापाकापी करायची नाही, आणि दुसऱ्यांनाही तसं सांगायचं नाही.

आता आपल्याकडच्या पद्धतीचं. महाराष्ट्रात सर्वधर्म प्रार्थनेला जे रूप आलं ते मुख्यतः वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमातून. गांधीजी तिथे १९३६ साली राहायला गेले. प्रार्थनेला तिथे मंदिर नाही, मूर्ती नाही, उघडं मैदान आहे. सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेत जपानी बौद्ध भिक्षूंचा मंत्र, थोडा वेळ मौन, ईशोपनिषदातला पहिला मंत्र, गीतेच्या दुसऱ्या अध्यायातले स्थितप्रज्ञाचे १९ श्लोक, कुराणातली फातिहा, पारशी प्रार्थना, भजन, धून असं सगळं हळूहळू येत गेलं. एका दिवशी समितीने बसून ते ठरवलं नव्हतं. त्या त्या धर्माची माणसं आश्रमात राहिली, त्यांच्या तोंडून त्यांची प्रार्थना आली आणि ती तिथे राहिली.

यातली एक गोष्ट तुझ्या फार कामाची आहे. एप्रिल १९४७ मध्ये दिल्लीतल्या वाल्मीकी वस्तीत प्रार्थनासभा चालू असताना कुराणातल्या आयतींना कुणीतरी हरकत घेतली. त्या आयती गाळून बाकीची प्रार्थना उरकून घेणं सहज शक्य होतं. गांधीजींनी प्रार्थनाच थांबवली. म्हणायची तर सगळी, नाहीतर काहीच नाही. तुमच्याकडे असा प्रसंग आला, कुणी म्हणालं की अमक्यांचं नको, तर नियम हाच ठेव. आणि हे आदल्या आठवड्यात सगळ्यांशी बोलून घे, ऐनवेळी नव्हे.

विनोबांची नाममाला तुला शाळेच्या सुट्टीतल्या शिबिरात शिकवली होती, ‘ॐ तत्सत्’ने सुरू होणारी. तिच्यात नारायण, बुद्ध, मज्द, यह्व, ईशु पिता, रहीम, ताओ, अकाल अशी नावं एका माळेत ओवली आहेत. ती सगळ्यांनी मिळून म्हणू या, असं कुणीतरी मराठी किंवा गुजराती मूल नक्की सुचवेल. मला ती फार आवडते, पण तिथे सगळ्यांकडून म्हणवून घेऊ नकोस. कारण साधं आहे. ज्यू परंपरेत ईश्वराचं चार अक्षरी नाव उच्चारत नाहीत. ‘यह्व’ हा शब्द ऋग्वेदातही आहे, पण ऐकणाऱ्या ज्यू मुलीच्या कानाला तो तिच्या देवाच्या नावाजवळचाच लागणार. शिवाय देवाची नावं एका ओळीत मांडून ‘हे सगळे तूच’ असं म्हणणं, हीच काही धर्मांत श्रद्धेला धक्का देणारी गोष्ट आहे. आपल्याला ते औदार्य वाटतं, समोरच्याला ते आपल्या वतीने कुणीतरी भलतंच कबूल केल्यासारखं वाटतं.

हा पेच नवा नाही. २७ ऑक्टोबर १९८६ रोजी इटलीतल्या असिसी गावात पोप जॉन पॉल दुसरे यांनी जगभरच्या धर्मांच्या प्रमुखांना शांततेच्या प्रार्थनेसाठी बोलावलं. दलाई लामा होते, कँटरबरीचे आर्चबिशप होते. तिथे तोडगा असा काढला की आधी प्रत्येक धर्माच्या लोकांनी गावात वेगवेगळ्या ठिकाणी आपापली प्रार्थना केली, मग सगळे संत फ्रान्सिसच्या बॅसिलिकापुढच्या (मोठ्या चर्चपुढच्या) चौकात जमले आणि तिथे एकामागून एक प्रार्थना झाल्या. एकाची चालू असताना बाकीचे गप्प. त्या दिवशी उपास होता, आणि लढणाऱ्यांना दिवसभर शस्त्रं खाली ठेवायचं आवाहनही केलं होतं. एकच प्रार्थना मिळून म्हणायची नाही, प्रार्थनेसाठी मिळून यायचं, असं ते सूत्र. माझ्या मते परक्या मुलखात, जिथे माणसं एकमेकांना नीट ओळखत नाहीत, तिथे हीच रीत बरी. सेवाग्रामची रीत एकत्र राहणाऱ्यांची आहे.

तर आखणी अशी कर. एकूण पाऊण तास. सुरुवातीला दोन मिनिटं मौन, घड्याळ लावून. ‘थोडा वेळ’ म्हटलं की वीस सेकंदांत कुणीतरी खाकरतं. मग प्रत्येकी चार मिनिटं: अर्धा मिनिट अर्थ, तीन मिनिटं मूळ भाषेत प्रार्थना, आणि मग अर्धा मिनिट शांतता. अर्थ आधी सांगायचा, नंतर नव्हे. ऐकताना काय मागितलं जातंय ते कळलं तर परकी भाषाही कानाला परकी राहत नाही. सात-आठ जण झाले की अर्धा तास भरतो. शेवटी पुन्हा पाच मिनिटं मौन. ज्यांचा कुठल्याच देवावर विश्वास नाही त्यांची जागाही त्या मौनात आहे, आणि हे त्यांना आधी सांग म्हणजे ते येतील. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरव. संख्येने मोठे पहिले, असं कधीच नको.

प्रत्येक प्रार्थना त्या त्या धर्माच्याच माणसाने म्हणायची. मुसलमान मुलगा मिळाला नाही म्हणून दुसऱ्या कुणी फातिहा वाचली, तर ते पाठांतर होतं. त्यापेक्षा ती जागा रिकामी राहिलेली बरी.

काही बारीक गोष्टी. बौद्ध मुलांच्या बाबतीत ‘प्रार्थना’ हा शब्द नीट बसत नाही. त्रिशरण-पंचशीलात कुठल्या देवाकडे मागणं नाही, आणि ‘सब्बे सत्ता सुखी होन्तु’ ही सदिच्छा आहे. जैनांच्या णमोकार मंत्रातही काही मागत नाहीत, फक्त नमस्कार आहे. म्हणून पत्रकावर ‘प्रार्थना आणि चिंतन’ असं लिही. शिखांच्या अरदास या प्रार्थनेच्या वेळी डोकं झाकतात आणि उभं राहतात. दहा-बारा साधे रुमाल ठेव. अरदासचा शेवट ‘सरबत दा भला’ने होतो, म्हणजे सगळ्यांचं भलं, पसायदानाच्या अगदी दाराशी येणारं. शीख मैत्रिणीला हेही सांग की आपल्या नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. ख्रिस्ती मुलं बहुधा संत फ्रान्सिसच्या नावाची शांततेची प्रार्थना घेतील. ती फ्रान्सिसची नाही, १९१२ साली पॅरिसच्या एका मासिकात पहिल्यांदा छापली गेली. पत्रकावर ‘फ्रान्सिसची’ असं न लिहिता ‘फ्रान्सिसच्या नावाने ओळखली जाणारी’ असं लिहिलं की झालं. त्यांच्यातलं कुणी गोव्याचं असेल तर फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणाचं नाव काढ: १६१६ साली छापलेलं, मराठीत, आणि छंद ओवीच, पसायदानाचाच.

वेळ काटेकोर बघ. २१ सप्टेंबरला तिथे ब्रिटनमध्ये सूर्यास्त सातच्या सुमारास होतो आणि लगेच मगरिबची नमाज असते. साडेपाचला सुरू करून सव्वासहाला संपव. सातला ठेवलंस तर मुसलमान मुलांना तुमची प्रार्थना की त्यांची, यातून निवडावं लागेल. त्या दिवशी शुक्रवार असेल तर सूर्यास्तापासून ज्यूंचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा पवित्र विश्रांतीचा दिवस, लागतो. ज्यू नववर्ष आणि योम किप्पुर (प्रायश्चित्ताचा दिवस) सप्टेंबर-ऑक्टोबरातच येतात; तारीख पक्की करण्याआधी त्यांचं कॅलेंडर बघ.

खोली कुठल्याच धर्माची नको, वर्गाची खोली चालेल. खुर्च्या अर्धवर्तुळात, व्यासपीठ नको. समई, कापूर, उदबत्ती नेऊ नकोस. धुराचा भोंगा वाजेल हे एक, आणि समई लावणं ही आपल्यासाठी सुरुवात असली तरी काहींसाठी ती पूजा असते. नंतर खायला फळं आणि साधे खारवलेले दाणे ठेव. केकमध्ये अंडं आणि गोळ्यांमध्ये जिलेटिन निघतं, मग निम्मी मुलं हात मागे घेतात. आणि ‘प्रसाद’ म्हणून काही वाटू नकोस.

बिघडतं ते बहुतेक दोन ठिकाणी. सूत्रसंचालक ‘शेवटी सगळे धर्म एकच सांगतात’ असं म्हणून टाकतो, आणि आत्ताच मनापासून वेगळं काही म्हटलेल्या माणसाला ते खोटं वाटतं. ते वाक्य तू बोलू नकोस. दुसरं, चालू असलेल्या एखाद्या युद्धाचं नाव घेतलं जातं आणि एकाच बाजूचे मेलेले मोजले जातात. नाव घ्यायचंच तर दोन्हीकडच्या माणसांचं घ्या, किंवा मौनाच्या आधी एवढंच म्हणा की ज्याच्या मनात ज्यांची नावं असतील ती त्याने घ्यावीत.

पत्रकावर पसायदान देवनागरीत आणि खाली रोमन लिपीत दे. छापण्याआधी ‘अर्णव’ आणि ‘अलांछन’ हे दोन शब्द तपास, तिथे टंकनाच्या चुका होतात. अर्थाच्या चार ओळी लिहून मला शनिवारपर्यंत पाठव, ‘व्यंकटी’ला इंग्रजीत काय ठेवतेस ते बघायचंय.

तुझी,
आई