स्टॉलचा आकडा राहू दे, आधी लॉक-अपचं बघ

तू लिहिलंयस ते थोडक्यात असं: मूळचा कोथरूडचा, सध्या डॅलसला. २०१६ ची शेवरोले सिल्वराडो पिकअप, ५.३ लिटर, सहा गिअरचा ६एल८० ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. त्यावर आता स्क्रू टाइपचा सुपरचार्जर (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंप), दाब साडेसहा पीएसआय. रोज ऑफिसला जाऊन-येऊन ७० किलोमीटर आणि महिन्यातून एकदा मागे बोटीचा ट्रेलर. ट्यूनर (गाडीच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलणारा) म्हणतो, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधला टॉर्क कन्व्हर्टर ३२०० स्टॉलचा टाक, मित्र म्हणतात २८००. कुठला घेऊ?

दोन्ही नको.

मी भोसरीत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचंच काम करतो, आणि त्याआधी ११ वर्षं शारजाला होतो. तिथे तुझ्यासारख्या सुपरचार्जर लावलेल्या पिकअप रोज यायच्या. त्यातल्या निम्म्या अशाच आकड्याच्या हौसेपायी आलेल्या असायच्या.

आधी स्टॉल म्हणजे काय ते नीट समजून घे, कारण डब्यावर छापलेला आकडा हा त्या डब्याचा स्वभाव नाही. ताक घुसळताना रवी जोरात फिरवली आणि भांडं घट्ट धरलं नाही, तर भांडंही गरगरायला लागतं. कन्व्हर्टरमध्ये तेच होतं. इंजिन ऑइल फिरवतं, ऑइल गिअरबॉक्सची बाजू फिरवतं. भांडं घट्ट धरून ठेवलं तर रवी मिनिटाला जास्तीत जास्त किती फेरे मारू शकेल, तो स्टॉल. आता हात जितका ताकदवान तितकी रवी वेगात फिरणार, हे उघड आहे. म्हणून एकच कन्व्हर्टर दोन इंजिनांमागे दोन वेगळे आकडे दाखवतो. ढोबळ हिशोब वर्गमुळाचा: टॉर्क (फिरवण्याचा जोर) १.४ पट झाला तर स्टॉल साधारण १.१८ पट. तुझं इंजिन कंपनीतून ५२० न्यूटन मीटरच्या आसपास टॉर्क घेऊन आलं. सुपरचार्जरने तो सव्वासातशेवर गेला असं धर. समजा मूळ कन्व्हर्टर १८०० ला स्टॉल होत होता, तर आज तोच २१०० च्या पुढे जातोय. म्हणजे काहीही न बदलता तू आधीच ‘मोठा स्टॉल’ वापरतोयस. आणि ट्यूनरचा ३२०० जर साध्या इंजिनामागे मोजलेला असेल, तर तुझ्याकडे तो पावणेचार हजाराला जाऊन बसेल. त्याला पहिला प्रश्न हाच विचार: हा आकडा किती टॉर्कवर मोजलाय? उत्तर देता आलं नाही तर दुसरा माणूस बघ.

मोठ्या स्टॉलचा सल्ला मुळात खोटा नाही, जुना आहे. तीन गिअरच्या टर्बो ४०० मध्ये पहिला गिअर २.४८ चा (आकडा मोठा तितकी ओढ जास्त), चार गिअरच्या ४एल६०ई मध्ये ३.०६. गाडी जागची हलवायला इंजिनला आधी वर चढू द्यावं लागे. तुझ्या ६एल८० चा पहिला गिअर ४.०३ आहे! शिवाय स्क्रू किंवा रूट्स जातीचा सुपरचार्जर अगदी खालपासून हवा भरतो, दीड-दोन हजारालाच पोट भरलेलं असतं. सेंट्रिफ्यूगल असता तर गोष्ट वेगळी, कारण त्याचा दाब वेगाबरोबर वाढत जातो आणि खाली तो जवळजवळ झोपलेला असतो. तिथे २८०० चा विचार मी केला असता. तुझ्या गाडीत ती गरजच नाही. वर टायर जागेवर घासतील ते वेगळं.

आता उष्णता. कन्व्हर्टरमध्ये जेवढी ताकद घसरते, ती सगळी ऑइल तापवते, तिला जायला दुसरी जागाच नाही. चढावर ट्रेलर ओढताना इंजिन ६० किलोवॅट देतंय आणि कन्व्हर्टर त्यातले वीस टक्के खातोय असं धर. १२ किलोवॅट झाले, म्हणजे बाथरूममधले दोन किलोवॅटचे सहा गिझर एकदम चालू, आणि तेही एवढ्याशा ऑइलवर. पाण्यातून बोट वर काढताना तर गाडी सरपटत असते, लॉक-अप (वेग धरल्यावर इंजिन आणि गिअरबॉक्सची बाजू थेट जोडणारा कन्व्हर्टरमधला क्लच) लागलेला नसतोच, सगळी मजा घसरण्यावरच. लूज, म्हणजे मोठ्या स्टॉलचा कन्व्हर्टर घेऊन ते करून बघ, मग ऑइलच्या तापमानाचा काटा बघ. ८० ते ९५ अंशांत ऑइल सुखी असतं. १२० च्या पुढे वरचेवर जायला लागलं की दिवस मोजायचे.

आणि तुझी गाडी ११० ला सहाव्या गिअरमध्ये, मागच्या एक्सलचा गिअर रेशो ३.४२ धरला तर, इंजिन जेमतेम साडेसोळाशे-सतराशेला फिरवते. ३२०० चा कन्व्हर्टर तिथे लॉक-अपशिवाय धड पकडणारच नाही. जरा चढ आला, लॉक सुटला, की इंजिन ओरडणार आणि गाडी आहे तिथेच. रोज ७० किलोमीटर हे ऐकायचंय का?

म्हणजे सगळा भार आला लॉक-अप क्लचवर, आणि पैसे तिथेच घाल.

माझ्या बाकावर एक कन्व्हर्टर लेथवर वेल्डपाशी कापून ठेवलाय, गिऱ्हाइकाला दाखवायला. आतल्या लॉक-अप क्लचचं लायनिंग कागदासारखं पातळ असतं, अंगठ्याच्या नखाने उचलता येईल इतकं. या कापलेल्यात ते एका बाजूने पार गेलंय, खालचं लोखंड निळं पडलंय आणि ऑइलला करपलेल्या पोळीसारखा वास. ६एल८० सारख्या गिअरबॉक्समध्ये कॉम्प्युटर हा क्लच मुद्दाम किंचित घसरता ठेवतो, इंजिनची थरथर केबिनमध्ये येऊ नये म्हणून. मूळ टॉर्कला ते चालतं. टॉर्क ४० टक्के वाढवला आणि दाबाचा, लॉक-अपचा प्रोग्रॅम तसाच ठेवला, तर तो ‘किंचित’ किंचित राहत नाही. लायनिंगचा भुगा ऑइलमधून व्हॉल्व्ह बॉडीत (गिअरबॉक्समध्ये ऑइलचा दाब वाटणाऱ्या भागात) जातो आणि मग कन्व्हर्टरचं काम गिअरबॉक्सचं होऊन बसतं.

हे अमेरिकन गाड्यांपुरतं नाही. इथे पुण्यात रिमॅप केलेल्या (कॉम्प्युटरमधून ताकद वाढवलेल्या) डिझेल एसयूव्ही याच दुखण्याने माझ्याकडे येतात. नवले पूल सोडून नव्या कात्रज बोगद्याच्या चढाला लागलो की मी पाय हलका ठेवतो आणि लॉक-अप लागायची वाट बघतो. रस्त्यावरच्या पांढऱ्या उंच पट्ट्यांवरून गेल्यासारखी गाडी दोन सेकंद थरथरली, की निदान झालं. तूही तुझ्या रस्त्यावर हे आजच करून बघ. थरथर असेल तर मूळ कन्व्हर्टर आणखी वापरू नकोस.

तेव्हा कन्व्हर्टर बनवणाऱ्याला सांग: वाढलेल्या टॉर्कमागे मोजून २२०० ते २४०० स्टॉल. पुढचं कव्हर बिलेटचं (अखंड ठोकळ्यातून कापलेलं), म्हणजे दाबाखाली फुगणार नाही. फुगलेला कन्व्हर्टर क्रँकचं थ्रस्ट बेअरिंग खातो. लॉक-अप जास्त प्लेटांचा किंवा मोठ्या लायनिंगचा, पण नियंत्रित घसरण सोसणारा हवा. सगळे मल्टी-प्लेट ते सोसत नाहीत, स्पष्ट विचारून घे. स्टॉलला टॉर्क किती पट होतो तो आकडा १.८ च्या वर नको. तुझ्याकडे टॉर्क भरपूर आहे, वरच्या वेगात पकड हवी. मग ट्यूनरकडून लॉक-अपचा दाब आणि घसरणीची मर्यादा बदलून घे. तो फक्त पेट्रोल-इग्निशन करणारा असेल तर गिअरबॉक्ससाठी वेगळा शोध.

कूलर बदल. धुऊन नाही, बदल. शारजात मी एकदा चांगला नवा कन्व्हर्टर जुन्याच कूलरवर चढवला, नुसता फ्लश मारून. तीन महिन्यांत गाडी दोरीने ओढत परत आली. कूलरच्या नळ्यांत अडकलेला जुना भुगा हळूहळू नव्या क्लचवर आला होता. चूक माझी होती, पैसेही माझेच गेले. त्यानंतर हा वाद मी कुणाशी घालत नाही. ट्रेलर ओढतोस, तर एक मोठा जादा कूलर पुढे लावच.

बसवताना शक्य असेल तर शेजारी उभा राहा. कन्व्हर्टरमध्ये आधी लिटरभर डेक्सरॉन ६ गिअर ऑइल ओततात, मग तो शाफ्टवर फिरवत फिरवत आत ढकलतात. तीन वेळा ‘ठक’ ऐकू यायला हवं: टर्बाइनचे (गिअरबॉक्सकडच्या चाकाचे) दाते, स्टेटरचे (मधल्या चाकाचे) दाते, शेवटी ऑइल पंपाच्या खाचा. दोनच ठक ऐकू आले आणि मेकॅनिकने बोल्ट आवळून बेलहाउसिंग (गिअरबॉक्सचं पुढचं घंटेसारखं कव्हर) जवळ आणायला घेतलं, तर त्याला तिथेच थांबव, पंप फुटेल. बेलहाउसिंग हाताने टेकायला हवं. टेकल्यावर कन्व्हर्टर मोकळा फिरतोय ना आणि फ्लेक्सप्लेटपर्यंत (इंजिनमागच्या पातळ चकतीपर्यंत) तीन ते पाच मिलिमीटर फट आहे ना, ते स्वतः बोटाने तपास. मगच बोल्ट.