सहीपूर्वी अंदाजपत्रक मागा

प्रश्न : आमच्या वस्ती-संघटनेला एका विद्यापीठाने आरोग्यविषयक संशोधनात भागीदार होण्याचे निमंत्रण दिले आहे. अनुदान मंजूर झाले असून विषय, प्रश्नावली आणि वेळापत्रकही ठरले आहे. घरोघरी जाऊन माहिती गोळा करणे आणि संमतीपत्रांवर सह्या घेणे एवढेच काम आमच्याकडे आहे. प्राध्यापक मंडळी सौजन्याने वागतात, त्यामुळे शंका काढताना संकोच वाटतो. आम्ही काय करावे?

उत्तर : आपण वर्णन केलेल्या व्यवस्थेला भागीदारी म्हणणे कठीण आहे, हे क्षेत्रकाम आहे, आणि बहुधा अल्प मोबदल्याचे. प्राध्यापकांच्या सौजन्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही, परंतु सौजन्य हा करार नव्हे. पैसा कोणाच्या खात्यात जमा होतो, प्रश्न कोण ठरवतो आणि गोळा झालेली माहिती प्रकल्प संपल्यावर कोणाकडे राहते, यांवरूनच सत्ता कोणाकडे आहे हे कळते.

यांपैकी शेवटचा मुद्दा सर्वांत दुर्लक्षित राहतो. अमेरिकेतील ग्रँड कॅन्यन परिसरातील हवासुपाई जमातीने 1990 पासून ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांना रक्ताचे नमुने दिले, ते आपल्या लोकांमधील मधुमेहाचे कारण कळावे म्हणून. संमतीपत्रातील शब्दरचना मात्र त्याहून बरीच व्यापक होती. पुढे तेच नमुने स्किझोफ्रेनिया हा मानसिक आजार, जवळच्या नात्यांतील विवाह आणि जमातीच्या प्राचीन स्थलांतराच्या अभ्यासासाठी वापरले गेले, आणि स्थलांतराचे निष्कर्ष तर जमातीच्या स्वतःच्या उत्पत्तिकथेलाच छेद देणारे होते. अखेर 2010 मध्ये तडजोड होऊन 41 सदस्यांना एकूण 7 लाख डॉलर मिळाले आणि उरलेले नमुने परत करण्यात आले. तोंडी एक सांगितले गेले आणि कागदावर दुसरेच राहिले, हे या प्रकरणाचे मर्म आहे.

म्हणून सही करण्यापूर्वी मूळ प्रस्ताव आणि अंदाजपत्रक यांच्या प्रती मागाव्यात. माहितीचा दुसऱ्या कामासाठी वापर करायचा झाल्यास पुन्हा संमती घेतली जाईल, आणि निष्कर्ष प्रसिद्ध होण्यापूर्वी संघटनेला वाचावयास मिळतील, ही दोन कलमे लेखी असावीत. कॅनडातील फर्स्ट नेशन्स या मूळनिवासी समुदायांनी 1998 मध्येच आपल्या माहितीची मालकी, तिच्यावरील नियंत्रण, ती पाहण्याचा हक्क आणि तिचा प्रत्यक्ष ताबा अशी चार तत्त्वे मांडली. तेव्हा आपण काही जगावेगळे मागत आहात असे नाही.

‘नैतिकता समितीची मंजुरी आहे’ असे उत्तर मिळेल. संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या अशा समित्या प्रामुख्याने व्यक्तीच्या संमतीचा विचार करतात. संपूर्ण वस्तीच्या नावलौकिकावर काय परिणाम होईल, हा प्रश्न पुष्कळदा त्यांच्या अर्जातच नसतो. ‘अनुदानाचे नियम आड येतात’ असे सांगितले गेल्यास तो नियम दाखवण्याची विनंती करावी. अनुदान मंजूर झाल्यामुळे आपले बळ संपले असेही समजू नये, कारण आपल्या कार्यकर्त्यांवाचून वस्तीतील दारे उघडणार नाहीत, हे विद्यापीठाला ठाऊक आहे. ही मागणी मात्र काम सुरू होण्यापूर्वीच करावी, कारण माहिती एकदा त्यांच्या संगणकात गेली की वाटाघाटीसाठी आपल्या हाती फारसे काही उरत नाही.