आजोबांच्या बायबलातलं इंग्रजी

प्रश्न : आजोबांचं जुनं इंग्रजी बायबल, किंग जेम्स आवृत्ती, सध्या वाचतेय. मार्कच्या दहाव्या अध्यायात येशू म्हणतो, 'सफर द लिटल चिल्ड्रन टु कम अन्टु मी'. लहान मुलांनी सोसावं असं तो कशाला म्हणेल? आणि 'दाऊ', 'दी' हे देवासाठीचे आदराचे शब्द आहेत का? मग तेच शब्द चाकराला कसे? ही आवृत्ती बाजूला ठेवून नवी घ्यावी का?
– एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : मुलांनी काहीही सोसायचं नाहीये. त्या काळी 'सफर' म्हणजे 'होऊ देणं' असाही अर्थ चालत होता. शिष्य मुलांना हटकत होते, म्हणून येशू त्यांना सांगतोय की मुलांना माझ्याकडे येऊ द्या. घरात मराठी बायबल असेल तर तीच ओवी काढून बघा, तिथे सरळ 'येऊ द्या' असंच सापडेल.

मी बरीच वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं. जुन्या इंग्रजीतले अनोळखी शब्द मुलांना फारसे नडत नाहीत, कारण शब्द अडला की ती कोश उघडतात. नडतात ते ओळखीचे शब्द. आपल्याला अर्थ माहीत आहे असं वाटतं, आपण पुढे जातो, आणि वाक्य भलतंच होऊन बसतं. ११९व्या स्तोत्रात भक्त म्हणतो की मी पहाटेला 'प्रिव्हेंट' केलं. पहाट कोण अडवणार? 'आधी येणं' हा त्या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ. म्हणजे उजाडण्यापूर्वीच उठून मी धावा केला. किती सुंदर ओळ आहे ती, आणि आजच्या अर्थाने वाचली की पार विस्कटते.

'लेट' तर याहून अवघड. रोमकरांना लिहिताना पौल म्हणतो, मला तुमच्याकडे यायचं होतं, पण आजवर 'लेट' झालो. हा उशीर नव्हे, आणि परवानगीही नव्हे. त्याला अडथळा आला. इंग्रजीत एकसारखे दिसणारे दोन वेगळे 'लेट' होते, एक 'होऊ देणं' आणि दुसरा 'अडवणं'. दुसरा बोलण्यातून गेला, पण तुमच्याकडे पासपोर्ट असेल तर त्यातली राष्ट्रपतींच्या नावाने केलेली विनंती वाचा. पासपोर्टधारकाला 'विदाउट लेट ऑर हिंडरन्स' जाऊ द्यावं, असं तिथे छापलेलं आहे. पौलाचा 'लेट' तो हाच.

आता 'दाऊ'. हा आदराचा शब्द नाही, निव्वळ एकवचन आहे. एकाला 'दाऊ' आणि 'दी', अनेकांना 'यी' आणि 'यू', मग समोर देव असो, राजा असो की चाकर. १६११ साली हे भाषांतर छापलं गेलं तेव्हा रोजच्या बोलण्यातून 'दाऊ' मागे पडू लागला होता. पण नव्या करारातलं पुष्कळसं इंग्रजी विल्यम टिंडलच्या १५२६च्या भाषांतरातून आलेलं, आणि हिब्रू व ग्रीकमध्ये एकवचन-अनेकवचनाचा भेद आहेच. तो भाषांतरकारांनी जपला. आज हा शब्द प्रार्थनेखेरीज फारसा कानावर पडत नाही, म्हणून आपल्याला तो भारदस्त वाटतो.

हा भेद किती कामाचा आहे, ते लूकच्या २२व्या अध्यायात बघा. येशू शिमोन पेत्राशी बोलतोय: सैतानाने 'यू'ला गव्हासारखं चाळायला मागितलंय, पण मी 'दी'साठी प्रार्थना केली आहे. चाळले जाणार आहेत सगळेच शिष्य, आणि प्रार्थना आहे एकट्या पेत्रासाठी, त्याचा विश्वास ढळू नये म्हणून. पुढे लगेच त्याला सांगितलंय की तू सावरलास की आपल्या भावांना बळ दे. आधी तुम्ही आणि मग तू, हे लक्षात आलं की ती आज्ञा त्यालाच का, ते उमगतं. तू-तुम्ही करतच मोठे झालेल्या आपल्याला हे चटकन कळतं. फक्त आपलं आदरार्थी 'तुम्ही' त्यात मिसळू नका.

म्हणून आजोबांची प्रत बाजूला ठेवू नका. १९८२च्या न्यू किंग जेम्समध्ये वाक्यं सोपी झाली, पण 'दाऊ' आणि 'यी' दोन्हींच्या जागी 'यू' आलं आणि नुसत्या ओळीवरून हा फरक कळेनासा झाला. जुनी प्रत वाचा, शेजारी मराठी उघडी ठेवा. शब्द ओळखीचे असून वाक्य विचित्र लागलं तर खिशातला कोश पुरणार नाही, शब्दांचे जुने अर्थ देणारा मोठा ऑक्सफर्ड कोश ग्रंथालयात बघा. सुरुवात मार्कच्या सहाव्या अध्यायापासून करा. हेरोदियेची मुलगी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं शिर 'बाय अँड बाय' आणि 'चार्जर'मध्ये मागते. 'बाय अँड बाय' म्हणजे तेव्हा 'आत्ताच्या आत्ता', आणि 'चार्जर' म्हणजे मोठं तबक.